रोक्काफ्रेद्दाहून, बर्फाविना

रोक्काफ्रेद्दा
रविवार, ४ फेब्रुवारी

प्रिय ओर्नेल्ला,

हे पत्र मी तुला लिहितेय, कारण इथे बर्फ नाही. असता तर लिहिलं नसतं. हे आधीच सांगून टाकते, उगाच गैरसमज नको.

तुझं मठातलं नवं नाव लिहायला माझा हात वळत नाही. पाकिटावर लिहीन, म्हणजे पोचेल तरी. आणि तुमची मठाध्यक्षा पत्रं आधी स्वतः वाचत असेल तर, माते, नमस्कार. पुढे बरीच चिडचिड आहे, सांभाळून घ्या.

आम्ही काल आलो. घाट चढताना प्रत्येक वळणाआधी फुल्वियो म्हणायचा, "आता दिसेल बघ पांढरं." शेवटी पांढरं दिसलं, ते कुणीतरी वाळत घातलेलं पलंगपोस होतं. गावामागचा मोठा उतार, जिथून तू शाळेत असताना वेड्यासारखी सुसाट खाली यायचीस, तो वरपासून खालपर्यंत तपकिरी आहे, म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीसारखा. पायथ्याला पोरांना शिकवायच्या जागेवर यंत्रांनी फवारलेल्या बर्फाचा तेवढा एक पट्टा आहे. सांडलेल्या दह्यासारखा दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गवत, आणि गवतात जांभळी फुलं उगवलीत. फेब्रुवारीत! लोक वाकून वाकून त्यांचे फोटो काढतात. मला ती तुडवावीशी वाटतात.

फुल्वियो हवामानाची चार भाकितं बघतो आणि ज्यात बर्फ असेल तेवढंच खरं धरतो. "उद्या पडेल," असं आज सकाळी म्हणाला. विम्याचे हप्ते गोळा करणाऱ्या माणसाला एवढा आशावाद शोभत नाही. लुदोविका बारा वर्षांची झाली. नाताळात तिला नव्या स्की घेतल्या, त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या आहेत आणि ती त्यांच्याकडे पाठ करून बसते. तिला शाळा बुडवून आणलंय. वर्गात मी काय सांगू, असं तिने दोनदा विचारलं.

ही सहल बाबांची कल्पना. आई गेल्यापासून चार वर्षं त्यांनी डोंगराचं नाव काढलं नव्हतं. जानेवारीत अचानक फोन आला, "सगळे जाऊ, पूर्वीसारखे." मी विचारलं, सगळे म्हणजे कोण? म्हणाले, "सगळे म्हणजे सगळे." मग म्हणाले, "म्हणजे, आपण जे आहोत ते."

नऊ वर्षं झाली, अजून ते तुझं नाव घेत नाहीत. भिंतीवरच्या फोटोत तू आहेस, बोलण्यात नाहीस.

ते उद्या येतील. फोनवर म्हणाले, एक आश्चर्य घेऊन येतोय. सत्त्याहत्तराव्या वर्षी नव्या स्की घेतल्या असणार, दुसरं काय. इथे टपालाची तिकिटं बारमध्येच मिळतात. बारवालीकडे मागितली, तर म्हणते बर्फ नाही, गिऱ्हाईक नाही, तिकिटं कशाला मागवू? बघू, मिळाली की टाकीन.

लोरेदाना


सोमवार, ५ फेब्रुवारी

ओर्नेल्ला,

आश्चर्य म्हणजे स्की नव्हत्या. आश्चर्याचं नाव इओले.

दुपारी बाबांची जुनी गाडी अंगणात शिरली. चालवत एक बाई होती. बाबा शेजारी बसून उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. गाडी कुंडीला लागून थांबली. बाई उतरली. सत्तरीची असेल, सोनेरी रंगाचे बूट, ओठ लाल, हातात थर्माकोलचं भलंमोठं खोकं. डोंगराकडे एकदा नजर टाकून म्हणाली, "काय रे एत्तोरे, मेंढ्या चारायला आणलंस होय मला?"

बाबा हसले. आमचे बाबा! ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पोरं रडेपर्यंत ओरडणारे.

"ही इओले," ते म्हणाले. एवढंच. ही बादली, हा पाना, ही इओले.

तिने खोकं फुल्वियोच्या हातात कोंबलं आणि मला मिठीत घेतलं. "तू लोरेदाना! लगेच ओळखलं. चेहऱ्यावरच लिहिलंय, दमलेली." मला चव्वेचाळिसावं चालू आहे. आणि ही बाई मला बाळा म्हणते.

खोक्यात मासे होते. समुद्रापासून वर डोंगरात मासे! चाळीस वर्षं पेस्काराच्या मंडईत मासे विकले, म्हणे. डोंगरातल्या लोकांवर भरवसा नाही. तिने मला माझ्याच स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि मोठ्या पातेल्यात रस्सा केला. आता पडद्यांना, उशांना, लुदोविकाच्या केसांना त्याचा वास येतोय. चव चांगली होती, ते लिहायलाच हवं. फुल्वियोने तीनदा घेतला, म्हणून मी त्याच्याशी बोलत नाहीये.

बाबांना मी गच्चीत गाठलं.

"बाबा, ही कोण?"

"सांगितलं ना. इओले."

"ते नाव झालं."

"मग आणखी काय हवंय? लायसनचा नंबर?"

हळूहळू कळलं ते असं. बाईचा नवरा वारला. आयुष्यभर तोच तिला गाडीतून नेत-आणत होता. मग एकोणसत्तराव्या वर्षी तिने गाडी शिकायचं ठरवलं. शहरातल्या सगळ्या शाळांनी हसून घालवलं, तेव्हा कुणीतरी तिला बाबांकडे पाठवलं. बाबांनी ड्रायव्हिंग स्कूल बंद करून किती वर्षं झाली, पण शिकवलं. तीनदा नापास झाली. चौथ्यांदा पास झाली, तेव्हा, बाबा म्हणतात, "परीक्षकसुद्धा रडला."

आतली खोली त्या दोघांना दिली. मी आणि फुल्वियो बाहेर सोफ्यावर. त्याच्या मधोमध लोखंडी दांडा आहे, तो बरोबर माझ्या कण्याखाली येतो.

तुझ्याकडे साधी लाकडी खाट असते ना? हेवा वाटतो.

लो.


बुधवार, ७ फेब्रुवारी

पाऊस. काल दिवसभर पाऊस, आज दिवसभर पाऊस. यंत्राचा तो पट्टाही बंद केला. फुल्वियो खिडकीशी उभा राहून म्हणतो, "वर हजार मीटरवर हा बर्फच असणार." आपण सोळाशेवर आहोत, हे मी त्याला सांगितलं नाही.

घरात पाच माणसं, दोन खिडक्या आणि एक पत्त्यांचा जोड. इओले पत्त्यांत लबाडी करते. उघडउघड करते, आणि पकडलं की म्हणते, "अगं मंडईत चाळीस वर्षं काढली मी, हात आपोआप जातो." लुदोविका हसून हसून खाली पडली. ती इथे आल्यापासून हसली नव्हती. माझ्यामुळे तर नाहीच.

आता खरं काय झालं ते.

जेवणं चालली होती. बाबांनी तोंड पुसलं, रुमालाची नीट घडी घातली आणि म्हणाले, "ईस्टरनंतर आम्ही लग्न करतोय. चर्चमध्ये." फुल्वियोने ताबडतोब ग्लास उचलला. हा माणूस भूकंपातसुद्धा ग्लास उचलेल.

मी म्हटलं, "आणि आई?"

"तुझ्या आईला जाऊन चार वर्षं झाली. मी किती दिवस फ्रिजशी बोलत बसू?"

"मी रोज फोन करते तुम्हाला."

"करतेस. गोळ्या घेतल्या का, विचारतेस. घेतल्या, म्हणतो. झालं."

ओर्नेल्ला, मी दर रविवारी त्यांच्याकडे जाते. फरशी पुसते. त्यांचे मोजे जोड्या लावून ठेवते. आणि "झालं". माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मी म्हटलं, "छान. ज्याला जे हवं ते त्याने करावं. फक्त ओर्नेल्लाने केलं तेव्हा मात्र तुम्ही ताट भिंतीवर फेकलं होतंत. जिवंतपणी पुरून घेतेय म्हणून ओरडला होतात. नऊ वर्षं तिचं तोंड बघितलं नाहीत. आईच्या अंत्यविधीला ती परवानगी काढून आली, मागच्या बाकावर बसली, आणि तुम्ही मान वळवली नाहीत. आता तुम्ही लग्न करा, मी केक करते!"

फुल्वियोने ग्लास खाली ठेवला.

मग इओलेने काटा खाली ठेवला आणि अगदी साध्या सुरात विचारलं, "ओर्नेल्ला कोण?"

मला वाटलं, तिने नीट ऐकलं नसेल. मी म्हटलं, "माझी धाकटी बहीण. मठात असते. बंद मठात." इओले बाबांकडे बघत राहिली. त्यांनी तिला सांगितलेलंच नव्हतं. दोन वर्षं ओळख, लग्न ठरलं, आणि आपल्याला दुसरी मुलगी आहे, हे त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

"तू म्हणालास, तुला एक मुलगी आहे," इओले म्हणाली.

बाबांनी टोपी घेतली आणि पावसात बाहेर गेले. छत्री दाराशीच राहिली. मी त्यांच्या मागे जाणार होते, तर इओलेने माझं मनगट धरलं. मासे कापणाऱ्या बायकांचे हात असे असतात, हलता येत नाही. "जाऊ दे. भिजू दे त्याला. तू बस, आणि मला तिच्याबद्दल सांग."

मी काय सांगणार? शिक्षणाबद्दल सांगितलं, स्कीच्या ढालींबद्दल सांगितलं. बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचीस आणि एकतिसाव्या वर्षी एका सोमवारी निघून गेलीस, हेही. इओलेने विचारलं, "ती तिथे जेवते काय? मासे मिळतात?" मला माहीत नव्हतं. मग लुदोविकाने विचारलं, "आई, मावशी आत हसते का?" तेवढं मला माहीत होतं. हो म्हटलं.


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

बाबा जिवंत आहेत, आधी ते सांगते. घोट्याजवळचं हाड मोडलंय.

बुधवारपासून इओले त्यांच्याशी बोलत नव्हती. म्हणजे बोलत होती, पण माझ्यामार्फत. "बाळा, त्याला विचार, मीठ हवंय का." ते तिच्या शेजारी बसलेले. "लोरेदाना, सांग तिला, नको." मी दोघांच्यामध्ये टपाल खात्यासारखी. काल तिने चहाच्या वेळी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "ज्याला स्वतःची पोरं मोजता येत नाहीत, त्याच्याशी मी लग्न करत नाही. आधी तिच्याकडे जा, तिला आपल्या तोंडाने सांग. नाहीतर माझी मी परत जाते."

"तिथे जाऊन काय सांगू?" बाबा म्हणाले. पहिल्यांदाच तिच्याकडे बघून.

"ते मला काय माहीत? बाप तू आहेस."

आज पाऊस थांबला, पट्टा उघडला. पट्टा कसला, ओले पोहे. लुदोविकाला घेऊन मी गेले. तिने चार फेऱ्या मारल्या, आणि चारही वेळा खाली पोचायच्या आत कंटाळली. पाचव्या वेळी ती म्हणाली, "आई, आजोबा!"

बघते तर बाबा वर. जुन्या काळच्या त्या लांबच लांब स्की पायात, आईने विणलेली निळी टोपी डोक्यात. घरात मन लागेना म्हणून आले असावेत. का इओलेला खिडकीतून दाखवायचं होतं, देव जाणे. सगळीकडे चार-पाच वर्षांची पोरं पेंग्विनसारखी उभी, आणि त्यांच्या मधून एक म्हातारा.

आणि खरं सांगू? पहिली तीन वळणं त्यांनी सुंदर घेतली. अजून तीच पाठ, तेच गुडघे. मी मनात "वा" म्हटलं. चौथ्या वळणाला पट्टा संपला, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. बर्फावरून थेट चिखलात. स्की जागच्या जागी रुतल्या, बाबा पुढे गेले.

मी धावले. ते फुलांमध्ये पालथे पडलेले, तोंडात गवत. पहिलं वाक्य काय बोलले असतील? "हा उतार बांधणाऱ्याला तुरुंगात टाका." मला एवढा राग आला की मी तिथे उभी राहून ओरडले, तुम्हाला अक्कल आहे का, वय काय, करता काय. लोक बघत होते. मग त्यांचा पाय बघितला, आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

रुग्णवाहिकेत मी बरोबर बसले. बाबांचा चेहरा पांढराफटक. छताकडे बघत होते. मग म्हणाले, "तिला सांगू नकोस."

"इओलेला? बाबा, तिने खिडकीतून बघितलंय. ती मागून गाडीने येतेय."

"ती नाही गं." चिडलेच. मग भिंतीकडे तोंड केलं. "तिला. मी पोरांच्या उतारावर पडलो, हे तिला सांगू नकोस."

ओर्नेल्ला, मी नऊ वर्षं समजत होते की या माणसाने तुला मनातून पुसून टाकलंय. आणि त्याला लाज कुणाची वाटते, तर तुझी. माझी वाटली नाही. सख्खी नात बघत होती, तिचीही नाही.

मी सांगितलं बघ.


रविवार, ११ फेब्रुवारी

काल बाबांना सोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. आत एकटं पडून राहवत नाही म्हणून त्यांना सोफ्यावर आडवं केलंय, म्हणजे आता आम्ही जमिनीवर. इओले पुन्हा बोलायला लागली, कारण, तिच्या म्हणण्याप्रमाणे, मोडलेल्या माणसाशी भांडणं म्हणजे मेलेल्या माशाला पुन्हा मारणं. पण अट सोडली नाही. "लग्न तिला भेटल्यावर."

मी तुमच्या मठात फोन केला. दारावरच्या सिस्टरने उचलला. बिचारी फार गोड बोलते. म्हणाली, बुधवारी कपाळाला राख लावतात, त्या दिवसापासून उपवासाचा काळ, ईस्टरपर्यंत भेटी बंद. यायचं तर मंगळवारी दुपारी. आमचा इथला मुक्कामही मंगळवारीच संपतो.

आज न्याहारीला मी हे सांगितलं. फुल्वियो ब्रेडवर मुरांबा लावत म्हणाला, "मस्त. लोरे नेईल. तिला रस्ता माहितीये."

"हो, लोरेदाना नेईल," बाबा म्हणाले.

"बाळा, तूच ने," इओले म्हणाली. "तू असलीस की बरं पडेल. तू बोलायला सुरुवात कर, मग तो बोलेल."

मी तेव्हा ओले मोजे हीटरवर मांडत होते. पाच माणसांचे. चिखलाचे. ज्या डोंगरावर बर्फ नाही, तिथे एवढे मोजे भिजतात कसे, हे मला अजून कळलेलं नाही. एकाने तरी विचारावं, लोरेदाना, नेशील का? नाही. नेईल. सूर्य उगवेल, लोरेदाना नेईल.

तुला ड्रायव्हिंग स्कूलची पाटी आठवते? "एत्तोरे आणि कन्या." कन्या म्हणजे कोणती, हे गावात कुणाला विचारावं लागलं नाही. ती कन्या गेली, तेव्हा पाटी उतरवायला शिडी कुणी धरली? तू देवाच्या घरी गेलीस, बाबा इओलेच्या, आणि माझ्या हातात हे मोजे.

"मी नेणार नाही," मी म्हटलं.

लुदोविकाने कानातले इअरफोन काढले.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

"काही झालं नाही. मी नेणार नाही."

"मग कोण नेणार?"

"तुमची होणारी बायको. तुम्हीच शिकवलंय ना तिला?"

इओलेच्या हातातला कप थांबला. "वाटेत बोगदे आहेत का गं?"

"आहेत."

"तिचे बोगद्यात डोळे मिटतात," बाबा घाईघाईने म्हणाले. "लोरेदाना, ऐक, ती खरंच डोळे मिटते."

"मग तुमचे उघडे ठेवा."

मी जाकीट घातलं आणि बाहेर पडले. मागून फुल्वियो ओरडला, "जेवायला काय?" मी उत्तर दिलं नाही. लग्नाला सतरा वर्षं झाली, पहिल्यांदा.

खुर्च्यांची लिफ्ट चालू होती, फिरायला येणाऱ्यांसाठी. बसले. पायाखालून तो सगळा तपकिरी डोंगर सरकत गेला. मधे कुठे कुंपणाच्या जाळ्या, मागच्या वर्षी पडलेला एक हातमोजा. वर पोचले तर वारा, आणि कुणी नाही. लांबवर खाली समुद्राची रेघ दिसत होती. शिखराच्या मागच्या बाजूला, जिथे ऊन येत नाही, त्या खोलगटात जुना बर्फ उरला होता. आपल्या स्वयंपाकघराएवढा असेल, जरा मोठा. वरून मळलेला, पायाने खरवडला की आत पांढरा.

माझ्याकडे स्की नव्हत्या. खिशात किराण्याची प्लॅस्टिकची पिशवी होती. ती अंथरली, तिच्यावर बसले आणि खाली घसरले. खाली पोचून दगडाला लाथ मारून थांबले. चढून वर गेले. पुन्हा. पुन्हा. किती वेळा ते मोजलं नाही. पँट पार भिजली, ढुंगण बधिर झालं. आणि मी हसत होते, मोठमोठ्याने, एकटी. कुणाला शिकवायचं नव्हतं, कुणी पडेल म्हणून बघायचं नव्हतं, कुणाच्या स्की उचलायच्या नव्हत्या.

तेव्हा तुझी आठवण आली. आईबरोबर तुला भेटायला आले होते, ते. तू जाळीपलीकडे बसून कुठल्याशा फुटलेल्या सूपच्या भांड्याची गोष्ट सांगत होतीस आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतीस. आई पण हसली. मी नाही हसले. परत येताना गाडीत आईने विचारलं, तुला काय झालं? मी म्हटलं, डोकं दुखतंय. मला भयंकर राग आला होता. मी तुला दुःखी बघायला तयार होऊन आले होते. डबा भरून खाऊ आणला होता, रुमाल आणला होता. आणि तुला काहीच नको होतं.

अजूनही थोडा राग आहे. पण आज त्या पिशवीवर बसून वाटलं, की तुला तिथे रोज असं काही होत असेल, तर मला निदान कळलं तरी.

शेवटच्या खुर्चीने खाली आले. घरी जेवण झालं होतं. फुल्वियोने अंडी केली होती, जळलेली. माझ्यासाठी झाकून ठेवली होती. सगळी खाल्ली.


मंगळवार, १३ फेब्रुवारी

ओर्नेल्ला,

तिकिटं शेवटपर्यंत मिळाली नाहीत, म्हणून हे सगळे कागद एकत्र पाठवतेय, इओलेच्या हाती. फुल्वियो, मी आणि लुदोविका थेट घरी जातोय. ती दोघं तुझ्याकडे येतील. आत्ताच इओलेने गाडी अंगणातून रस्त्यावर काढली, कुंडी वाचली; माझा हा कागद संपायची वाट बघत ती दोघं तिथे थांबलीत. बाबा मागच्या सीटवर पाय आडवा टाकून बसलेत आणि तिथूनच सूचना देतायत. इओलेने काचेतून डोकं काढून मला विचारलं, "बाळा, बोगद्यात गेल्यावर काय करू?" मी म्हटलं, गाणं म्हणा. तर बाबा म्हणाले, "बोगदे संपेपर्यंत मी बोलत राहीन, तिला लक्ष ठेवायला काहीतरी लागतं." आणि बघ, हे बोलताना त्यांनी छान दाढी केलेली होती, आणि गळ्याला टाय होता. टाय त्यांनी इथे आणलाच कधी, मला माहीत नाही. पोरांच्या उतारावर स्की करायला आलेला माणूस टाय कशाला आणेल? मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

आत आल्यावर ते आधी रस्त्याबद्दल बोलतील. मग बर्फाबद्दल, हवामान कसं बिघडलंय, पूर्वी कसं होतं. मग सरकारबद्दल. त्यांना बोलू दे. मधे प्रश्न विचारला की ते पुन्हा रस्त्यापासून सुरू करतात. पायाचं विचारशील तर सांगतील, बर्फावर झाला अपघात, मोठ्या उतारावर. हो म्हण. आणि जाळीच्या अलीकडे इओले जे डबे ठेवेल ते मुकाट्याने घे. त्यात तळलेले छोटे मासे आहेत. कार्निव्हलचा शेवटचा दिवस आहे, उपवास उद्यापासून, आज चालतात, असं ती म्हणते. मठाध्यक्षेलाही दे. माते, गरम करून खा.

ती चांगली बाई आहे. हे वाक्य लिहायला मला आठवडा लागला.

आता माझं. ईस्टरनंतर भेटी सुरू होतील तेव्हा मला एक दिवस दे. मला एकटीला. माझ्याबरोबर कुणी नसेल, कुणाचा निरोप नसेल, कुणाचे एक्स-रे नसतील. खाऊ आणणार नाही. नवऱ्याबद्दल, मुलीबद्दल, बाबांबद्दल काही सांगणार नाही. तू विचारलंस तरी नाही. काय सांगेन ते अजून ठरलेलं नाही, कदाचित नुसतं बसू. माझ्यासाठी प्रार्थना वगैरे करायची तर कर, पण दिवस आधी कळव. मला दुकानातून रजा काढावी लागते.

आणि तू अजून वाचतेच आहेस? पाहुणे समोर बसवून वाचत बसायची तुझी सवय मठातसुद्धा गेली नाही म्हणजे कमाल आहे. पुरे. कागद खाली ठेव. बाबा टाय सैल करायला लागले असतील. मान वर कर.

लोरेदाना